खोबर ते ब्रॉडवे: सासरे, सॅक आणि युद्धाआधीचा नोव्हेंबर

नोव्हेंबरमध्ये पाठीवर सॅक टाकून इंग्लंड फिरायचं, हा बेत तिघांचा होता. गेलो दोघंच, मी आणि माझे सासरे.

साल १९९०. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, धाहरानजवळच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटवर इंजिनियर होता आणि आम्ही खोबरला राहायचो. मी एका भारतीय शाळेत सहावीला गणित शिकवायचे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझे सासरे, ज्यांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणत, उन्हाळ्यापासून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. वय सहासष्ट, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. सातारा जिल्ह्यातले बांध मोजण्यात आणि भावाभावांची भांडणं ऐकण्यात त्यांची नोकरी गेली. नोव्हेंबरात त्यांचा व्हिसा संपत होता. त्यांना परत पाठवताना आपणही दोन आठवडे वाट वाकडी करून इंग्लंड बघू, असं जूनमध्ये ठरलं आणि तिकिटं, ब्रिटनचा व्हिसा सगळं उरकलंही.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तिथली हद्द आमच्यापासून गाडीनं चारेक तासांवर. ऑक्टोबरअखेर प्लांटवरच्या लोकांच्या रजा रद्द झाल्या.

"तुम्ही दोघं जा," प्रकाश म्हणाला.

"आणि तू?"

"मी इथेच. तिकिटं का फुकट घालवायची?"

माझ्या पासपोर्टवर जाऊन परत यायचा शिक्का होता. शाळेतले निम्मे विद्यार्थी आधीच भारतात निघून गेले होते, त्यामुळे रजाही लगेच मिळाली. एवढ्या सहज सगळं जमतंय याचा मला संशय यायला हवा होता. आला नाही.

धाहरानच्या विमानतळावर लष्कराची गर्दी, म्हणून आमचं विमान रियाधहून होतं. प्रकाशनं गाडीनं सोडलं. चारशे किलोमीटरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू. एरवी या रस्त्यावर बघायला उंटांशिवाय काही नसतं. त्या दिवशी समोरून ट्रेलरवर लादलेले रणगाडे येत होते, एकामागून एक, वाळूच्याच रंगाचे. अण्णांनी पन्नासपर्यंत मोजले आणि मग सोडून दिलं. मध्ये पेट्रोल पंपावर नमाजाची वेळ झाली, शटर खाली आलं. आम्ही गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

सौदीत त्या काळी बाईला एकटीनं प्रवास करता येत नसे. सोबत मेहरम, म्हणजे नवरा किंवा ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष लागे. इमिग्रेशनवरच्या अधिकाऱ्यानं अण्णांकडे बोट दाखवून कोण म्हणून विचारलं. मी मोडक्या अरबीत "नवऱ्याचे वडील" असं सांगितलं. "तमाम," म्हणजे ठीक, असं म्हणत त्यानं शिक्के मारले. अण्णांना मेहरमचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी तुझा परवाना."

लंडनमध्ये आम्ही एक रात्र झोपण्यापुरते थांबलो आणि सकाळी ट्रेननं सॉल्सबरी गाठलं. तुम्ही जाणार असाल तर माझाही सल्ला हाच: लंडन शेवटी ठेवा किंवा ठेवूच नका. सॉल्सबरी पायी फिरण्याएवढं गाव आहे. स्टेशनजवळ घरगुती खोल्या मिळतात, माणशी बारा-चौदा पौंडांत नाश्त्यासकट. निदान तेव्हा मिळायच्या. नाश्ता भरपेट असतो, पण बेकन आणि सॉसेज नको असेल तर आदल्या दिवशीच सांगावं. अण्णांनी पहिल्या सकाळी ताट तसंच परत पाठवलं आणि घरमालकीण घाबरली. मग तिनं चार अंडी आणली. त्यांनी चारही खाल्ली.

कॅथीड्रलबद्दल पुस्तकांत वाचा, ते बरोबर लिहिलेलं असतं. मला आठवतो तो बाहेरचा गवताचा चौक, त्यावरची ओली पिवळी पानं आणि कुणालाच घाई नसणं. अण्णा कळसाच्या टोकाकडे बघत किती तरी वेळ उभे होते. मग म्हणाले, "जरासा कललाय." आत गेलो तर जमिनीत पितळेची खूणच केलेली, कळस किती ढळला ते दाखवायला. त्या दिवसभर ते खुशीत होते.

तिथल्या दुकानात त्यांनी इंग्लंडचा सरकारी नकाशा विकत घेतला, पायवाटांचा. खोलीत पलंगावर पसरून त्यावर ओणवे झाले.

"वसू, हे बघ. ही तुटक रेघ शेताच्या मधून गेलीये."

"पायवाट आहे, अण्णा. कुणीही जाऊ शकतं, असं लिहिलंय."

"खासगी शेतातून? मालक काही बोलत नाही?"

"नाही म्हणे."

"वहिवाटीचा हक्क," ते पुटपुटले. "आमच्याकडे यावरून डोकी फुटतात."

सॉल्सबरीहून ट्रेननं बाथ आणि तिथून बसनं वेल्स, म्हणजे त्या नावाचा प्रांत नव्हे, छोटं गाव. बसचा वरचा मजला घ्या, पुढची सीट. झुडपांच्या कुंपणांपलीकडची शेतं नुसती बसून बघता येतात. वेल्सला दोन दिवस काढले. पावसाची बारीक भुरभुर चालू होती, चार वाजता अंधार पडायचा आणि दुकानांच्या काचांवर आतून वाफ धरलेली असायची. अण्णांनी माकडटोपी काढलीच नाही. बिशपच्या वाड्याभोवती पाण्याचा खंदक आहे. त्यातले हंस भूक लागली की भिंतीतली दोरी चोचीनं ओढून घंटा वाजवतात आणि वरून कुणीतरी पाव टाकतं. आम्ही अर्धा तास थांबलो, पण हंसांना भूक नव्हती. दुपारी भाजलेला मोठा बटाटा, त्यावर चीज, एवढंच जेवण. त्यावर चटणी भुरभुरली की उत्तम लागतो.

तोवर रोज संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर सौदी दिसायचं. वाळू, तंबू, टोपीखाली डोळे बारीक केलेले सैनिक. मी ती वाळू ओळखायचा प्रयत्न करायचे, पण वाळू सगळीकडे सारखीच. अण्णा उठून टीव्ही बंद करायचे. मला वाटे, त्यांना प्रकाशची काळजी वाटतेय.

तिसरा टप्पा कॉट्सवोल्ड्स, टेकड्यांचा मुलूख. बाथहून दोन गाड्या बदलून मॉर्टन-इन-मार्श, तिथून बसनं चिपिंग कॅम्पडन. बस दिवसातून मोजक्याच, वेळा आधी विचारून घ्या. कॅम्पडन हे मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव, सगळी घरं एकाच खाणीतून काढल्यासारखी. शनिवारी सकाळी तिथून आम्ही ब्रॉडवेला चालत निघालो. साधारण दहा किलोमीटर, टेकडीवरून. नकाशा माझ्या हातात होता. अण्णांनीच दिला होता. "तू काढ रस्ता, मी मागून येतो," म्हणाले.

खोबरमध्ये पाच वर्षांत मी एकटीनं कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंतसुद्धा क्वचित गेले असेन. इथे दर शेताशी थांबून नकाशा फिरवायचा, खुणेचा बाण शोधायचा आणि चालू लागायचं. पहिल्या तासात दोनदा चुकले. अण्णा काही बोलले नाहीत. दोन्ही वेळा त्यांना आधीच कळलं होतं, हे त्यांनी रात्री कबूल केलं.

टेकडीवर धुकं होतं. मेंढ्या अगदी जवळ आल्यावर दिसायच्या. वर एक बुरूज आहे, तिथून म्हणे खूप दूरवरचा मुलूख दिसतो. आम्हाला बुरूजच जेमतेम दिसला. उतरताना कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवरून अण्णांचा पाय घसरला. आवाज फारसा झाला नाही. वळून बघितलं तर ते चिखलात बसलेले, एक पाय दोन्ही हातांत धरून.

"मोडला का?"

"नाही. मुरगळलाय. जरा बसू दे."

जरा म्हणता अर्धा तास झाला. घोटा सुजून बुटात मावेना. सॅक मी पुढे-मागे अशा दोन्ही घेतल्या आणि अण्णा माझ्या खांद्याला धरून उतरले. पंधरा मिनिटांच्या उताराला दीड तास लागला. गावाच्या पहिल्याच घराबाहेर 'खोली मिळेल' अशी पाटी होती. मी दार वाजवलं.

दार उघडलं ते मिसेस हार्ट यांनी. साठीच्या, उंच, कोपरापर्यंत पीठ लागलेल्या. त्यांनी काही न विचारता अण्णांना खुर्चीत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि फडक्यात गोठवलेल्या मटारची पिशवी गुंडाळून घोट्यावर ठेवली. चहा आला. मग विचारलं, "कुठून आलात?"

"सौदी अरेबियाहून," मी म्हटलं. "धाहरानजवळून."

त्यांनी चहादाणी खाली ठेवली. मग त्यांनी भिंतीवरचा फोटो दाखवला. गणवेशातला एक तरुण, लाल कानांचा. त्यांचा धाकटा, रणगाड्यांच्या तुकडीत. महिन्याभरापूर्वी तिकडे गेला होता.

"कसं आहे तिथे?" त्यांनी विचारलं. "त्याच्या पत्रात काही नसतं. सगळं छान आहे, एवढंच लिहितो."

रणगाडे बघितले ते सांगितलं नाही. शेवटी म्हटलं, "जानेवारीत तिथे रात्री थंडी असते. वाळवंटात तर खूपच. लोकांना वाटतं कायम उकडतं. त्याला लोकरीचे मोजे पाठवा."

"थंडी?" त्या म्हणाल्या. "मी त्याला उन्हाचं मलम पाठवलं."

जेवण होईतो त्यांनी लोकर आणि सुया बाहेर काढल्या होत्या.

रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला कोटावर लावायला दोन लाल कागदी फुलं दिली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिथे युद्धात गेलेल्यांची आठवण करतात. गावच्या स्मारकापाशी सगळे जमतात. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही पाय वर करून बसा. त्यांनी ऐकलं नाही. मिसेस हार्ट यांच्या दिवंगत नवऱ्याची काठी घेऊन लंगडत आले.

शंभरेक माणसं असतील. पाद्र्यानं नावं वाचली. दोन मिनिटं कुणीही हललं नाही. एक कुत्रा तेवढा साखळी ओढत होता. नंतर लोक पांगले आणि अण्णा स्मारकाजवळ गेले. दगडावरची नावं एकेक करून वाचू लागले, मोठ्यानं, त्यांच्या सातारी इंग्रजीत.

"हे माझ्या आजोबांचे भाऊ," मिसेस हार्ट यांनी एका नावावर बोट ठेवलं. "पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये गेले."

"माझे काका," अण्णा म्हणाले. "गोविंद. त्याच लढाईत. बसऱ्याला, इराकात."

हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सहा वर्षांत घरात कुणाच्या तोंडून हे नाव आलं नव्हतं.

"त्यांचंही नाव असेल ना तुमच्या गावी? दगडावर?" मिसेस हार्ट यांनी विचारलं.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "दगड आहे. चावडीच्या भिंतीत. या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. आकडा आहे. नावं नाहीत."

मिसेस हार्ट यांना वाटलं, भाषेमुळे आपल्याला नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ते बरोबरच म्हणताहेत. त्या म्हणाल्या, "हे बरं नाही केलं." मग अण्णांच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना घरी आणलं.

दुपारी त्या शेजारी गेल्या होत्या. अण्णा पाय वर करून शेगडीपाशी बसले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं आणि मला दिलं. आत विमानाचं तिकीट होतं. लंडन ते मुंबई, माझ्या नावाचं, त्यांच्याच विमानाचं.

"प्रकाशनं दिलंय," ते म्हणाले. "लंडनच्या विमानतळावर पोचल्यावरच दे म्हणाला होता. म्हणजे तुला वाद घालायला वेळ मिळणार नाही."

मी तिकिटाकडे बघत राहिले. सहज मिळालेली रजा, फुकट न घालवायची तिकिटं, सगळं ओळीनं डोळ्यांपुढून गेलं. राग आला, पण समोर मुरगळलेला पाय घेऊन बसलेल्या माणसावर तो काढता येईना.

"मग आत्ता का दिलंत?"

ते शेगडीकडे बघून बोलले. "काकांना पलटणीत घातलं ते आमच्या आजोबांनी. घरात खाणारी तोंडं फार होती. काकू तेव्हा सोळा वर्षांची. तिला कुणी विचारलं नाही. काका गेल्याची तार आली तीही आधी चार दिवस लपवून ठेवली, घरात लग्न होतं म्हणून. मी लहान असताना ती मला सांगायची, मला चार दिवस हसवलं रे सगळ्यांनी." त्यांनी खुर्चीवरचा पाय जरा सरकवला. "आज ते दगडासमोर आठवलं. मला वाटतं तू मुंबईला यावंस. तसं मी प्रकाशला कबूलही केलंय. पण ठरव तू. माझं चुकलंच आधी."

गावात लाल फोन बूथ होता. सगळी नाणी घेऊन गेले. प्रकाशनं लगेच उचलला.

"तिकीट मिळालं," मी म्हटलं.

"आत्ताच? अण्णा पण ना..." मग, "जाशील ना?"

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर तुला माहीत होतं."

नाणी आत पडल्याचा आवाज येत होता. "वसू, इथे मास्क वाटताहेत," तो म्हणाला. "गॅसचे. तू इथे नसलीस तर मला तेवढी एक काळजी कमी."

"आणि मला?"

नाणी संपली.

बूथमधून बाहेर येऊन मी गावाच्या रुंद रस्त्यावरून शेवटच्या घरापर्यंत चालत गेले आणि परत आले. तसं दोनदा केलं. लोकांना अशा वेळी काहीतरी मोठं सुचतं असं वाचलंय. मला माझ्या वर्गात उरलेली एकोणीस मुलं आठवली, ज्यांच्या आईवडिलांना निघता येत नव्हतं, आणि त्यांचे अपूर्णांक अजून राहिले होते. प्रकाश एकटा असला की जेवणाऐवजी बिस्किटं खातो, हे आठवलं. भीतीही वाटत होती, आणि चालून ती कमी झाली नाही. तरी शेवटच्या घरापासून दुसऱ्यांदा वळले तेव्हा ठरलेलं होतं.

अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. मग त्यांनी त्यांचा नकाशा घडी घालून माझ्या सॅकमध्ये सरकवला.

पुढचे तीन दिवस पायामुळे तिथेच काढले. मी सकाळी एकटी आसपासच्या वाटा चालून यायचे, अण्णा स्वयंपाकघरात मिसेस हार्टना बटाटे सोलून द्यायचे. निघताना मिसेस हार्टनी खोलीचे पैसे अर्धेच घेतले आणि मोज्यांची पहिली जोडी मला दाखवली. एक मोजा दुसऱ्यापेक्षा थोडा लांब झाला होता.

लंडनच्या विमानतळावर अण्णा चाकाच्या खुर्चीतून मुंबईच्या विमानाकडे गेले. जाताना मागे वळून बघितलं नाही. खुर्ची वळत नव्हती, असं नंतर म्हणाले.

मी रियाधला एकटी उतरले. इमिग्रेशनवर अधिकाऱ्यानं विचारलं, "मेहरम?" बाहेर आहे म्हटलं. दीड तास बाकावर बसवलं. मग प्रकाशला आत आणलं. त्यानं सही केली आणि मला ताब्यात घेतलं. कागदावर तसाच शब्द होता. गाडीत बसल्यावर पहिले शंभर किलोमीटर आम्ही बोललो नाही. मग तो म्हणाला, "विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." त्यानंतर मात्र खोबर येईपर्यंत तोंडाला खंड नव्हता.

घरी खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या होत्या. जानेवारीत युद्ध सुरू झालं. भोंगे वाजायचे, आम्ही प्लास्टिकनं बंद केलेल्या न्हाणीत मास्क लावून बसायचो. दोनदा काचा हादरल्या. शाळा बंद होती. इमारतीतली सात मुलं आमच्या दिवाणखान्यात येऊन अपूर्णांक शिकली. आम्हाला काही झालं नाही. झालं असतं तर मी आज हा निर्णय कसा सांगितला असता, मला माहीत नाही. मिसेस हार्ट यांचं उन्हाळ्यात एक कार्ड आलं: मुलगा परतला, मोजे त्यानं घातले, तोंड वेंगाडून का होईना.

अण्णांनी गावी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, जुनी दप्तरं चाळून नावं गोळा केली. पुढे दहा वर्षं जगले. तेवढ्या काळात त्यांना दगडावरच्या बारांपैकी नऊ नावं सापडली. दगडाखाली लावलेली पाटी ग्रामपंचायतीची नाही, त्यांच्या पेन्शनची आहे.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबरातच जा. गर्दी नसते, खोल्या आयत्या वेळी मिळतात. बूट मात्र घोट्याच्या वर येणारे घ्या. बाकी विचाराल, तर कॅथीड्रलांची चित्रं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलीत. कुठली कमान कुठली, ते मला अल्बम बघूनच सांगावं लागतं. तो प्रवास नेमका कशात उरला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

युद्ध संपल्यावर, एप्रिलमध्ये, कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर अजून आमच्या आकाशात होता. प्रकाशला सौदीच्या दुसऱ्या टोकाला, यानबूला, मोठ्या हुद्द्याची नोकरी चालून आली. तो कामावरून आला, कागद जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि बूटही न काढता समोर बसला.

"काय करायचं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आधी चहा टाकते." मग आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो, आणि नाही म्हणून कळवलं.